निर्मनुष्य बेटाची नोंदवही

(शाळेच्या माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा मला फोन आला तेव्हा त्यांची अपेक्षा होती की मी कॉम्प्युटरवर बोलावं. "तू त्यातलीच, तर एआयवर दहा-पंधरा मिनिटं बोल," असं ठरलं होतं. पण एआयवर हल्ली रिक्षा स्टँडवरही चांगली चर्चा होते. म्हणून मी विषय बदलून घेतला. आज मी भूगोलावर बोलणार आहे. समोर बसलेल्या भूगोलाच्या बाई आत्ताच सावरून बसल्यात, हे मला इथून दिसतंय.

विषय मात्र कॉम्प्युटरवरूनच सुचला. आपण कुठलाही ऑनलाइन फॉर्म भरतो, त्यात देश निवडायची एक लांबलचक यादी असते. 'इंडिया'पर्यंत पोचायला ती खाली सरकवत न्यावी लागते. त्या यादीत बोट्स्वाना आणि ब्राझील यांच्यामध्ये एक नाव येतं, बुव्हे बेट. ही यादी आंतरराष्ट्रीय मानकातून घेतलेली असते, म्हणून जगभरच्या हजारो फॉर्ममध्ये हे नाव आहे. आपल्या देशाला जसं इंटरनेटवर 'डॉट इन' आहे, तसं या बेटाला 'डॉट बीव्ही' राखून ठेवलेलं आहे. त्या नावाखाली एकही संकेतस्थळ नाही. कारण त्या बेटावर एकही माणूस राहत नाही. आजवर कधीच कोणी कायमचं राहिलेलं नाही.

मुद्दा लक्षात घ्या. ज्या जागी फॉर्म भरायला कोणी नाही, तिचं नाव प्रत्येक फॉर्ममध्ये आहे. मला याची गंमत वाटली आणि मी त्या बेटाबद्दल वाचायला लागले.

बुव्हे बेट दक्षिण अटलांटिक महासागरात आहे, दक्षिण अक्षांश ५४ अंशांच्या जरा पुढे. क्षेत्रफळ सुमारे ४९ चौरस किलोमीटर. म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या जुन्या मुंबई शहराहूनही लहान. ते ज्वालामुखीतून तयार झालेलं आहे आणि त्याचा ९३ टक्के भाग बर्फाखाली आहे. सगळ्यात उंच शिखर ७८० मीटर, म्हणजे आपल्या किल्ले रायगडाहून थोडं कमी. किनारा म्हणजे बर्फाचे आणि खडकाचे उभे कडे. होडी लावायला जागा नाही. आफ्रिकेचं दक्षिण टोक तिथून सुमारे अडीच हजार किलोमीटर, आणि दक्षिणेला अंटार्क्टिकाचा किनारा सुमारे १,७०० किलोमीटर. पृथ्वीवरच्या सगळ्यात एकाकी बेटांत त्याची गणना होते.

ते पहिल्यांदा दिसलं १ जानेवारी १७३९ ला, बुव्हे नावाच्या फ्रेंच दर्यावर्द्याला. धुकं आणि बर्फ इतकं होतं की त्याला बेटाला वळसा घालता आला नाही. त्याला वाटलं, दक्षिणेकडच्या मोठ्या खंडाचं हे टोक असावं. शिवाय त्याने लिहून ठेवलेले रेखांश चुकीचे होते. त्यामुळे पुढे कॅप्टन कुकसारखा माणूस शोधायला गेला, तरी त्याला बेट सापडलं नाही. बेट कुठेही गेलं नव्हतं. नोंद चुकली होती. १८०८ मध्ये एका व्हेलशिकारी जहाजाला ते पुन्हा दिसलं, आणि त्याची नेमकी जागा नक्की झाली १८९८ मध्ये, एका जर्मन शास्त्रीय मोहिमेत. म्हणजे दिसल्यापासून जवळजवळ १६० वर्षांनी! मधल्या काळात एकाने तर त्याच्या शेजारी आणखी एक बेट पाहिल्याची नोंद केली. ते 'थॉम्पसन बेट' कित्येक वर्षं नकाशांवर होतं. असं बेट प्रत्यक्षात नाही.

१९२७ मध्ये नॉर्वेची माणसं तिथे उतरली, १९३० मध्ये ते बेट नॉर्वेच्या अखत्यारीत गेलं आणि १९७१ मध्ये राखीव निसर्गक्षेत्र झालं. १९५५ ते १९५८ च्या दरम्यान कधीतरी पश्चिम किनाऱ्यावर एक मोठी दरड कोसळली आणि समुद्रात नवी सपाट जमीन तयार झाली. आज पेंग्विन आणि सील तिथे पिल्लं वाढवतात. दरड नेमकी कोणत्या दिवशी पडली, हे सांगता येत नाही. बघायला कोणी नव्हतंच. पुढे १९७७ मध्ये तिथे स्वयंचलित हवामान केंद्र बसवलं. माणूस नसतानाही तापमान आणि वारा लिहून ठेवणारं यंत्र!

आता तुम्ही म्हणाल, बाई, या बर्फाच्या बेटाचा पेण-रोह्याशी काय संबंध? तिकडेच येते.

बुव्हे बेटावरून सरळ दक्षिणेला निघालं, १,७०० किलोमीटरवर अंटार्क्टिकाचा किनारा लागला, की त्याच भागात आत आपला भारताचा तळ आहे, मैत्री. मैत्री ज्या जागी आहे तिला शिर्माकर ओएसिस म्हणतात. ओएसिस म्हटलं की आपल्याला वाळवंट, खजुराची झाडं आणि उंट आठवतात. इथे वाळवंट बर्फाचं आहे आणि ओएसिस म्हणजे त्यातून वर आलेला उघडा खडक. दक्षिणेला खंडाचा जाड बर्फ, उत्तरेला समुद्रावर तरंगणारं बर्फाचं पटल, आणि मधोमध हा खडकाचा अरुंद पट्टा. क्षेत्रफळ सुमारे ३५ चौरस किलोमीटर. लांबी अशी की पेणहून निघालं तर नागोठण्यालाही पोचणार नाही. समुद्राऐवजी बर्फाने वेढलेलं हे एक बेटच आहे. १९३८-३९ च्या जर्मन मोहिमेतल्या शिर्माखर नावाच्या वैमानिकाने ते विमानातून पाहिलं, त्याचंच नाव त्याला मिळालं. पेणहून सरळ रेषेत मोजलं तर ते सुमारे ११ हजार किलोमीटर दूर आहे.

तिथे माती नाही, झाड नाही. शेवाळ आणि दगडफूल एवढीच काय ती हिरवळ. पाऊस पडत नाही, थोडं बर्फ पडतं. आपल्याकडे एका पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, हे तिथल्या माणसाला सांगितलं तर त्याला ती थाप वाटेल. मेच्या अखेरीपासून जुलैच्या अखेरीपर्यंत साधारण दोन महिने सूर्य उगवतच नाही. आपल्याकडे पेरणी, लावणी चाललेली असते, तेव्हा तिथे अखंड रात्र असते. मैत्रीपासून काही किलोमीटरवर रशियाचा तळ आहे. १९६१ मध्ये तिथल्या एकुलत्या एक डॉक्टरला, लिओनिद रोगोझोव्ह यांना, अपेंडिक्सचा त्रास सुरू झाला. बाहेर पडायला रस्ता नाही, दुसरा डॉक्टर नाही. त्यांनी आरशात बघून स्वतःचंच ऑपरेशन केलं आणि ते वाचले. वस्ती नसलेली जागा म्हणजे काय, हे यावरून कळावं.

आणि या जागी आपली माणसं गेली ती आपल्या शेजारच्या गोव्यातून. आपल्या जिल्ह्याचं कुलाबा हे नाव जाऊन रायगड झालं १९८१ मध्ये. त्याच वर्षी ६ डिसेंबरला डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जणांची पहिली भारतीय मोहीम गोव्याहून जहाजाने निघाली आणि ९ जानेवारी १९८२ ला अंटार्क्टिकावर उतरली. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत दोन स्त्रिया होत्या, भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता आणि सागरशास्त्रज्ञ अदिती पंत. भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर गेलेल्या या पहिल्या दोन स्त्रिया. अदिती पंत मराठी, औंध संस्थानच्या पंत घराण्यातल्या, पुणे विद्यापीठात शिकलेल्या, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काम करणाऱ्या. आपण तेव्हा बालवाडीतही नव्हतो.

भारताचा पहिला तळ, दक्षिण गंगोत्री, तरंगत्या बर्फावर बांधला होता. तो हळूहळू बर्फात गाडला गेला. म्हणून १९८९ मध्ये शिर्माकरच्या पक्क्या खडकावर मैत्री उभं राहिलं. २०१२ मध्ये तिथून पूर्वेला सुमारे तीन हजार किलोमीटरवर तिसरा तळ झाला, भारती. तो १३४ शिपिंग कंटेनर जोडून बांधलेला आहे. एप्रिल २०२४ मध्ये भारतीवर टपाल कार्यालय सुरू झालं आणि त्याला प्रायोगिक पिनकोड मिळाला, एमएच-१७१८. टपाल खात्याच्या महाराष्ट्र परिमंडळात गोवाही येतो, म्हणून हे एमएच. म्हणजे टपालापुरता का होईना, अंटार्क्टिका आपल्या महाराष्ट्रात आहे.

त्याहून जवळचं नातं आहे अलिबागचं. अलिबागची चुंबकीय वेधशाळा आपण सहलीत बाहेरून पाहिली आहे. "आत लोखंड न्यायचं नाही," एवढंच तेव्हा लक्षात राहिलं होतं. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत एकोणिसाव्या शतकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होत होती. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, त्यामुळे मोजमापात गडबड झाली असती. तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांनी नवी वेधशाळा अलिबागला उभारली, १९०४ मध्ये. विजेच्या ट्राम धावल्या १९०७ मध्ये. म्हणजे जुन्या आणि नव्या दोन्ही जागी काही काळ एकाच वेळी मोजमाप करून दोन नोंदवह्या एकमेकींशी जुळवून घेता आल्या. मी ज्या क्षेत्रात काम करते तिथे जुन्या यंत्रणेवरून नव्या यंत्रणेवर माहिती नेताना आम्ही आजही हेच करतो. मूस यांनी ते सव्वाशे वर्षांपूर्वी केलं होतं.

ही वेधशाळा आज भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे. संस्थेचं मुख्यालय नवीन पनवेलला, आपल्याच जिल्ह्यात. आणि याच संस्थेची चुंबकीय निरीक्षणं अंटार्क्टिकावर मैत्रीत चालतात. रायगड जिल्ह्यातल्या संस्थेतून माणसं जातात आणि त्या निर्मनुष्य खडकावर बसून पृथ्वीच्या चुंबकत्वातली थरथर लिहून ठेवतात.

याचा उपयोग काय, असं कोणी विचारेल. एकच उदाहरण देते. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावर मोठा उद्रेक झाला आणि पृथ्वीवर चुंबकीय वादळ आलं. आजवर नोंदल्या गेलेल्या सर्वांत मोठ्या वादळांतलं ते एक. तारायंत्रं बिघडली. कुलाबा वेधशाळेत त्या दिवशी कोणीतरी नेहमीप्रमाणे आकडे लिहीत होतं. ते वादळ नेमकं किती मोठं होतं, हे शोधायला २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी काय वापरलं? मुंबईची ती वही! लिहिणाऱ्याला त्या वेळी माहीत नव्हतं की १४४ वर्षांनी त्याच्या आकड्यांची गरज पडणार आहे. त्याने फक्त रोजचं काम चुकवलं नव्हतं.

आता मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येते.

शिर्माकरमध्ये शंभराहून जास्त तळी आहेत. त्यांतली उत्तर कडेची काही तळी विलक्षण आहेत. खुला समुद्र तिथून जवळजवळ शंभर किलोमीटर दूर, मध्ये बर्फाचं जाड पटल. तरीही त्या पटलाखालून तळ्यांचा समुद्राशी संबंध आहे. वर गोडं पाणी, बर्फाचा थर, पण समुद्राला भरती आली की तळं चढतं आणि ओहोटी लागली की उतरतं. हे वाचलं तेव्हा मला खारेपाट आठवला. आपल्याकडेही समुद्र दिसत नाही, पण उधाण घरापर्यंत येतं. धरमतरच्या खाडीतून अंबा नदीत, रेवदंड्याच्या खाडीतून कुंडलिकेत. वाशी, वढाव, दादर, रावे इथल्या आणि रोह्याकडून चणेऱ्याच्या बाजूच्या मुलांना भरती-ओहोटी पुस्तकातून शिकावी लागली नाही. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आणि अष्टमीच्या सुमाराचा भांग हे त्यांना आपल्याआधी ठाऊक होतं.

त्या बर्फाचं आणि आपल्या बाहेरकाठ्याचं नातं इथे लागतं. अंटार्क्टिकाच्या जमिनीवरचा सगळा बर्फ वितळला, तर जगातल्या समुद्राची पातळी सुमारे ५८ मीटर वाढेल. घाबरू नका, हे आपल्या किंवा नातवंडांच्या हयातीत होणारं नाही. पण थोडासा भागही पुरतो. समुद्रावर आधीच तरंगणारं बर्फ वितळलं तर पातळी जवळजवळ वाढत नाही. सरबताच्या भरलेल्या पेल्यातला बर्फ वितळून पेला सांडत नाही, तसं. पण ते तरंगतं पटल आतल्या हिमनद्यांना थोपवून धरतं. ते आपल्या बाहेरकाठ्यासारखं आहे. आपला बाहेरकाठा समुद्राला आत येऊ देत नाही, तिथला बर्फाचा काठा जमिनीवरच्या बर्फाला बाहेर जाऊ देत नाही. त्याला खांड गेली की मागचा बर्फ समुद्राकडे सरकतो आणि पातळी वाढते. शिर्माकर ज्या पूर्व भागात आहे तो आजवर बराच स्थिर आहे. मोठी घट पश्चिम अंटार्क्टिकात चालली आहे.

दुसरी गोष्ट मला फारच आश्चर्याची वाटली. बर्फाचा एवढा प्रचंड ढीग आपल्या गुरुत्वाकर्षणाने समुद्राचं पाणी स्वतःकडे ओढून धरतो. बर्फ कमी झाला की ती ओढ सैल होते. तिथल्या किनाऱ्यालगत पाणी उलट उतरतं, आणि ते दूरच्या समुद्रांत सरासरीहून जास्त चढतं. आपण दूरच्यांत मोडतो. त्या निर्मनुष्य बर्फाचा हिशेब भरायचा तो माणसं राहतात अशा किनाऱ्यांनी, असा हा भूगोल आहे.

१९०१ ते २०१८ या काळात जगातल्या समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटर वाढली. २००६ ते २०१८ मध्ये वाढीचा वेग वर्षाला सुमारे ३.७ मिलिमीटर होता. तीन-चार मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, असं वाटतं. पण बांध किती उंच आहे यापेक्षा उधाणाचं पाणी आणि बांधाचा माथा यांत किती अंतर उरलंय, हे महत्त्वाचं. ते अंतर वीतभर असेल, तर वीतभरातूनच वजा होत जाणार.

हे आकडे आपल्याला का कळतात? कोणीतरी लिहून ठेवलं म्हणून. मुंबईत अपोलो बंदरावर १८७८ पासून भरतीची नोंद आहे. अलिबागला १९०४ पासून चुंबकत्वाची. शिर्माकरमध्ये आपल्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची माणसं जाऊन एका हिमनदीचं टोक किती मागे सरकलं ते मोजून येतात. बुव्हे बेटावर तर माणसाशिवाय यंत्र लिहितं.

आणि आपल्या खारेपाटात? जिथे पिढ्यान्‌पिढ्या माणसं राहिली, तिथे कोणत्या वर्षी, कोणत्या तिथीला, कुठल्या उघाडीजवळ खांड गेली, पाणी कुणाच्या ओटीपर्यंत आलं, ती बांधायला किती दिवस लागले, त्या साली भात किती झालं, हे कुठे आहे? ते आपल्या आई-वडिलांच्या, आजोबांच्या तोंडी आहे. जुलै १९८९ मध्ये अंबेला पूर येऊन नागोठणं बुडालं, तेव्हा आपण प्राथमिक शाळेत होतो. पाणी कुठवर चढलं होतं ते त्या भिंती दाखवू शकणारी माणसं आज सत्तरीच्या पुढे आहेत. ज्या घराच्या भिंती, त्यांतली कित्येक घरंही पाडून नवी झाली.

हे केवळ आठवणींसाठी नाही. आपल्यातल्या काहींच्या जमिनीत खांडीनंतर खारं पाणी राहिलं, वेळेवर बांधबंदिस्ती झाली नाही, आणि तिवरं उगवली. तिवरं किनाऱ्याची राखण करतात, कायद्याने त्यांना हात लावता येत नाही आणि लावूही नये. पण तिथे चाळीस वर्षं भात पिकत होतं, हे सांगायला शेतकऱ्याकडे शब्दाशिवाय काही नसतं. वही असती तर त्या शब्दाला वजन आलं असतं. खाऱ्या जमिनीत तग धरणाऱ्या भाताच्या जाती पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने काढल्या. पण कुठल्या खारात पाणी किती वेळा शिरतं, हे कळल्याशिवाय कोणती जात कुठे चालेल ते तरी कसं ठरवणार?

म्हणून आज माझी एक विनंती आहे. आपल्या वर्गातले निदान पंधरा जण आजही खारेपाटात किंवा खाडीकाठी राहतात. प्रत्येकाने आपल्या गावासाठी एक साधी दोनशे पानी वही करावी. घरातल्या आणि शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहावं. इंग्रजी तारीख आठवत नसेल तर तिथी लिहा. "नागपंचमीच्या आदल्या दिवशी" किंवा "थोरलीच्या लग्नाच्या साली" असं लिहिलं तरी चालेल. तारीख मी शोधून काढेन. तारीख मिळाली की त्या दिवशी भरती किती वाजता आणि किती उंचीची असायला हवी होती, हे गणिताने काढता येतं. पाणी त्याहून जास्त चढलं असेल, तर ते पावसाचं, वाऱ्याचं, की वाढलेल्या समुद्राचं, हा पुढचा प्रश्न. तो प्रश्न विचारता यावा, एवढ्यासाठी वही हवी. सगळ्या वह्या एकत्र करून, तपासून, कॉम्प्युटरवर नीट मांडून शाळेच्या वाचनालयात ठेवण्याचं काम माझ्याकडे. आणि यापुढच्या नोंदी आठवी-नववीच्या मुलांनी कराव्यात. उघाडीच्या भिंतीवर रंगाने सेंटिमीटरच्या खुणा करायच्या आणि दर उधाणाला आकडा लिहायचा. भूगोलाचं प्रात्यक्षिक याहून चांगलं होणार नाही. बाई आणि सर, तुम्ही निवृत्त झालात, तरी या वह्या तपासायला तुम्हीच हव्यात. लाल शाईसकट.

बुव्हे बेटावर कोणी राहत नाही, तरी जगाच्या यादीत त्याला जागा आहे, कारण कोणीतरी त्याची नोंद नीट केली. आपल्या खारेपाटात माणसं राहतात. आपल्या गावांची वही आपल्यालाच लिहायची आहे. जाताना दारापाशी टेबलावर वीस कोऱ्या वह्या ठेवल्या आहेत, शेजारी चहा आणि पेणचे पोहेही आहेत. पोहे संपले तरी हरकत नाही, पण वह्या उरता कामा नयेत.